हे वारं, ते वारं

काल संध्याकाळी आमच्या सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी पोपटी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी भरायची, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवून द्यायचा. धूर चौथ्या मजल्यावर आला तशा विंगेतल्या साऱ्या बायका खिडक्या लावायला धावल्या. मी उघडली. भांबुर्ड्याचा तो ओव्यासारखा उग्र वास नाकात गेला आणि माझे हात शिवशिवायला लागले. पोपटीच्या वासाने बाकीच्यांना भूक लागते. मला खणावंसं वाटतं.

आमच्याकडे थंडी ती कसली, असं पुण्याची माणसं नाक वर करून विचारतात. विचारू द्या. पहाटे तळोज्याच्या कारखान्यांचा वास धुक्यात मिसळून येतो, वॉचमन माकडटोपी घालतो, भाजीवालीकडे कोवळ्या वालाच्या शेंगा दिसायला लागतात. एवढी थंडी आम्हाला पुरते. आणि माझ्यासारखीला त्यातला सकाळ-दुपारचा नेमका फरक कळतो, कारण डोंगर सकाळी श्वास आत घेतो आणि दुपारी बाहेर सोडतो, हे मी एका हिवाळ्यात माझ्या तळहाताने तपासलेलं आहे.

माझी ओळख सांगते, म्हणजे वेड कुठून आलं ते समजेल. माहेर साताऱ्याकडचं, पण वाढले कोपरखैरण्यात. वडील मार्केटात माथाडी होते, धाकटा भाऊ दत्तू अजूनही आहे. मी न्हावा शेव्याला कस्टमचा माल सोडवणाऱ्या ऑफिसात. वय पन्नाशीपुढं, गुडघे ठणठणीत, आवाज त्याहून ठणठणीत. आठवडाभर लोकांचे अडकलेले कंटेनर सोडवते आणि रविवारी डोंगरात अडकलेली माती.

गुहा ही जाऊन बघायची गोष्ट आहे असा लोकांचा समज असतो. आम्ही त्या उघडतो. जिथे वाट संपल्यासारखी दिसते तिथे माती-दगडांचा भराव असतो, तो उपसायचा आणि पलीकडे काय आहे ते बघायचं. नात्यातल्या लग्नात कुणीतरी हमखास विचारतं, "काय सापडलं मग? हंडा?" मी सांगते, "वाट सापडली." "वाटेच्या पुढं काय?" "ते बघायलाच तर खणायचं ना, बाई!" मग ती बाई माझ्या नवऱ्याकडे दयेने बघते. तो बिचारा जिलबी खात असतो.

हा नाद लावला अय्यरने. आमच्याच विंगेतला मुलगा, मेघालयातल्या गुहांतून महिना-महिना राहून आलेला, मराठी अगदी इथलं, म्हणजे अर्धं हिंदी. त्याच्याकडे हेल्मेटं, बॅटऱ्या, दोर होते. दत्तूकडे खांदे होते. माझ्याकडे तोंड होतं. बाकी चार-पाच जण जमले आणि आमची टोळी झाली. टोळी हा शब्द मार्केटातला. माथाडी एकटा नसतो, त्याची टोळी असते. दरोडेखोरांची असते तशीच, पण ही पहाटे उठते.

तर तो हिवाळा. नावड्याच्या पलीकडे एक बुटका डोंगर आहे. नाव सांगत नाही, उद्या रील बनवणारे पोचतील. डोंगर हिराकाकीच्या नावावर. काकी जुन्या गावातली आगरी बाई, सत्तरीची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, बांगड्या कोपराला टेकलेल्या. पायथ्याला तिचं वालाचं शेत आणि शेताच्या टोकाला गुहेचं तोंड. बसून आत शिरायचं, जरा पुढं गेलं की लाल मातीने सगळं बंद. तोंडाशी शेंदूर लावलेला एक दगड, तसाच दुसरा दगड वर माथ्यावर. "देवी खालून शिरते नि वर निंगते," काकी सांगायची. "माजी सासू सांगायची, तिची सासू सांगायची. वाट हाय."

काकीचा मुलगा प्रमोद मात्र तसलं काही मानत नव्हता. वाईट नव्हता हो, आईला डॉक्टरकडे स्वतः गाडीतून नेणारा, गळ्यात चेन, पोट पुढं, हसतमुख. पण आजूबाजूचे दोन डोंगर तोपर्यंत सपाट होऊन तिथे कंटेनर एकावर एक चढले होते आणि तिसरा हा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. तिथल्या कंटेनरांतले काही आमच्याच ऑफिसातून सुटलेले, त्यामुळे मला फार मोठ्या तोंडाने बोलता येत नव्हतं. तरी मी बोलायचीच.

पहिल्याच रविवारी आमच्यादेखत मायलेकांची जुंपली.

"आई, टेन्शन नको घेऊ. तिथं वाट-बीट काय नाय. कोल्ह्याचं बीळ हाय."

"मानूस आरपार गेला तं?"

"गेला तं डोंगर फोडायला मशीन नाय आननार. बास?"

"नि शिमग्यापरयंत नाय गेला तं मी कागदावर आंगठा देतंय," काकी म्हणाली आणि आमच्याकडे वळली. "ऐकला ना गो, सातारकरीन? माझा डोंगर तुज्या टोपल्यात हाय."

मी म्हटलं, "काकी, टोपल्यात नाही, बारदानात." मागे हटायचं माझ्या रक्तातच नाही.

कारण बारदान ही दत्तूची युक्ती. अय्यर घमेली घेऊन आला होता, ती त्या अरुंद जागेत अडकायची, सांडायची, बोटं सोलवटायची. दत्तूने मार्केटातून जुनी तागाची बारदानं आणली. पोतं निम्मंच भरायचं. निम्मं भरलेलं पोतं वळणावर अंग चोरतं, गच्च भरलेलं आडवं बसतं. तोंड बांधायचं, दोर लावायचा, बाहेरच्याने ओढायचं. "गोणी उचलायची न्हाई, चालवायची," दत्तू म्हणायचा, "म्हातारीला हाताला धरून नेतो तशी." एकेक पोतं गुरगुरत बाहेर यायचं आणि काकी ते वालाच्या बांधावर ओतून घ्यायची. तिचा बांध त्या वर्षी अख्ख्या शिवारात उंच झाला.

खणण्याचं सुख सांगून कळत नाही. पोटावर पडून एका हाताने खुरपायचं. बॅटरीच्या उजेडात आपलाच वाफारा दिसतो. लाल माती ओली, गार, तिला जुन्या माठाचा वास. मध्येच साळिंदराचं पीस हाती लागतं. बाहेर महामार्गावर ट्रेलर घरघरत असतात, त्यांची धडधड आत छातीखालच्या दगडातून लागते आणि मग आणखी आत गेलं की तीही लागत नाही. तिथे मला कधी भीती वाटली नाही. मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये वाटते, गुहेत नाही. आत माझ्यापुढे एकच काम असतं, हातभर माती, आणि ते मला येतं.

दुपारी काकीच्या अंगणात जेवण. तिची तांदळाची भाकरी, पांढरी, मऊ, सुकटीची चटणी आणि वालाचं बिरडं. आमची ज्वारीची भाकरी आणि खर्डा. काकी आमची भाकरी उलटीपालटी करून बघायची. "ही काय गो? छपरावर घालायची?" दत्तू तिच्या भाकरीचे चार घास करून म्हणायचा, "काकी, ही तर संपली की वो! जेवाण कवा वाढताय?" ती खोटं खोटं चिडायची आणि आणखी थापायला बसायची. हाताची लाल माती कितीही धुतली तरी नखांत राहायची. सोमवारी ऑफिसात फाइल पुढं करताना साहेब विचारायचे, मेंदी का? मी हो म्हणायची.

संक्रांतीच्या सुमाराला काकीने आम्हाला पोपटी खाऊ घातली. संध्याकाळची वेळ, गार सुटलेलं. मडकं गुहेच्या तोंडाजवळ लावलं होतं, वाऱ्याला आडोसा म्हणून. पेंढा पेटला, धूर उठला आणि वर जायचं सोडून आडवा झाला. सरळ गुहेत शिरायला लागला. कुणी आतून ओढून घ्यावा तसा. आम्ही शेंगा सोलायच्या विसरलो. अय्यर उठला आणि बॅटरी घेऊन डोंगर चढत सुटला. थोड्या वेळाने वरून त्याची हाक आली, "ताई! करवंदीच्या जाळीत चिकनचा वास आ रहा है!"

वरच्या शेंदऱ्या दगडाजवळ, जाळीच्या बुंध्याशी, हात जाईल एवढी फट होती आणि तिच्यातून भांबुर्ड्याचा ऊन धूर येत होता. अय्यरने समजावलं: थंडीत आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम, ती वरून निघते, खालून गार हवा ओढून घेते. दुपारी ऊन चढलं की उलटं. काकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तेच तं मी सांगतंय. खालून शिरते, वर निंगते."

मी प्रमोदला फोन लावला, स्पीकरवर. तो हसला. "ताई, धूर गेला ना? धुराला पोट नसतं. बोली मानसाची झाली."

बरोबर होतं त्याचं. बोली ती बोली.

आणि मग आमचं घोडं अडलं. वाट आत दोन झाली, डावी आणि उजवी, दोन्हीकडे माती. आम्ही डावी धरली, कारण मऊ होती. रविवारमागून रविवार गेले, पोती निघाली, बांध वाढला आणि डावीकडे शेवटी अखंड काळा कातळ लागला. शिमगा तोंडावर आलेला. टोळीतले दोघे परीक्षेचं, लग्नाचं निमित्त सांगून गळले. मी कुणाला रागावले नाही असं म्हणणार नाही. चांगलीच रागावले. मऊ माती दिसली म्हणून तिकडे वळलो याचा मला आजही संताप येतो. मार्केटात साधी रीत आहे, जो माल हलका लागतो त्यात काहीतरी कमी असतं.

पुढच्या रविवारी पहाटेच दत्तू उदबत्ती घेऊन उजव्या फाट्यात शिरला. धूर कुठे ओढला जातो ते बघायला. आम्ही बाहेर. काकी आणि तिच्या दोन जावा शेतात शेंगा तोडत होत्या. बराच वेळ काही नाही. आणि एकदम आतून दत्तूचा माथाडी गळा फुटला:

"वारं आलं! तायडे, वारं आलं!"

आता हे समजून घ्या. हवेच्या झुळकीला आम्ही वारं म्हणतो. आणि अंगात देवी आली तर त्यालाही वारंच म्हणतात, काकीच्या आगऱ्यांतही आणि आमच्या साताऱ्याकडेही. शेतातल्या तिघींनी ऐकलं आणि टोपल्या टाकून धावल्या. नेमका त्याच वेळी दत्तू बाहेर आला. केसांपासून पायापर्यंत लालभडक, अंग गारठ्याने थडथड उडतंय, डोळे उजेडाने फिरलेले आणि हातात जळती उदबत्ती. बाई गं! धाकट्या जावेने तिथेच लोटांगण घातलं. काकीने ओंजळभर पाणी त्याच्या पायावर ओतलं, कपाळाला हळद फासली आणि हात जोडून विचारलं, "कोन आलीस, आई? काय पायजेल तुला?"

दत्तूला धाप लागलेली. त्याला वाटलं काम विचारतायत. "उजवीकडं," तो म्हणाला. "उजवीकडं वाट करा. लय दिस कोंडलंय."

झालं! जावा रडायलाच लागल्या. तासाभरात निम्मं गाव नारळ घेऊन हजर. प्रमोदही आला. बुलेटवरून उतरला, बूट काढले आणि माझ्या भावासमोर हात जोडून उभा राहिला. एवढा थोरला माणूस! दत्तू माझ्याकडे बघतोय, तायडे, काय करू? हळद डोळ्यात गेलेली.

मी पुढं झाले. म्हटलं, "काकी, हे वारं ते वारं नाही. हवा लागली हवा. हा आमचा दत्तू आहे, याच्या अंगात काही आलेलं नाही, सर्दी येईल फार तर."

गाव माझ्यावर खवळलं. काकी मात्र शांत. "कललं मना," ती हळूच म्हणाली. "त्याना मला काकी म्हटला नाय नि भाकरी मागितली नाय, तवा खरंच वाटलं."

खरी गंमत पुढेच आहे. प्रमोद आईला बाजूला घेऊन म्हणाला, "जाऊ दे आई. देवीचा शब्द पडला, सगल्यांनी ऐकला. मी मशीन नाय आनत."

म्हणजे काम झालं होतं! डोंगर वाचला होता, एका उदबत्तीवर. टोळीतल्या एकाने माझा कोपर दाबला, गप बसा ताई. मी गप्प बसणार होते की नाही ते मला ठरवायचीच पाळी आली नाही, कारण काकीच उसळली.

"असा नको मना डोंगर! आज भ्यालास म्हून सोडतंस, उद्या कोन दुसरा अंगात घेईल नि बोलेल इक, तवा इकशील. मी म्हटला वाट हाय. हाय तं मानूस जाईल. नाय तं मी आंगठा देईन. बोली झालीय."

मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ठेवलं नाही, दोघींच्याही अंगाला माती होती. पण त्यानंतर मी कुणालाही आदर म्हणजे काय ते समजावत बसत नाही. एवढी गोष्ट सांगते.

आजही न्हावा शेव्याच्या यार्डात एखादा रिकामा कंटेनर उघडतात तेव्हा मी दारात उभी राहून गालाला काही लागतंय का बघते. काही लागत नाही. बंद पेटीत वारं नसतं. आमच्याकडे नवीन लागलेल्या पोरी विचारतात, मॅडम काय करताय? मी म्हणते, तपासणी. खरं सांगायचं तर त्या उजव्या फाट्यातली झुळूक मला अजून हवी असते. केसांच्या मुळाशी गार लागायची, घामावरून फिरायची, आणि मग हाताला वेगच यायचा. पुढे जागा आहे हे सांगणारं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं आणि लागतही नव्हतं.

उजवी माती घट्ट होती. बोटं गेली, पाठ गेली, पण वारं वाढत गेलं. शिमग्याच्या आदल्या रविवारी वरची फट आम्ही पहारीने रुंद करून घेतली आणि खालून अय्यर एका चिंचोळ्या भेगेतून आडवा होऊन सरपटला. तिच्या पलीकडे उभं राहता येईल अशी खोली होती, काळी, गोल, छताला घासल्यासारखी गुळगुळीत. तिथून तो वर चढत आला आणि करवंदीच्या जाळीतून त्याचं हेल्मेट निघालं. आम्ही इतके ओरडलो की खाली रस्त्यावर ट्रेलर थांबले.

प्रमोद वर आलाच होता. आईनेच बोली कायम ठेवली म्हणून शिमग्यानंतर दुसऱ्याच दिवशी यायला त्याने मशीन सांगून ठेवलेलं. अय्यरकडे बघून तो म्हणाला, "हा मगाशी वरूनच उतरला असंल."

काकीने कंबरेवर हात ठेवले. "मंग तूच जा."

"मी?"

"तूच. दुसऱ्याचं तू मानत नायस."

त्याने इकडेतिकडे बघितलं. गावातली माणसं होती, माघार घेणं शक्य नव्हतं. चेन काढून आईच्या हातात दिली, हेल्मेट घातलं आणि खाली गेला. त्याच्या पुढे अय्यर, मागे दत्तू. काकी आणि मी वरच्या तोंडाशी बसलो. सकाळची वेळ, आतून ऊन वारं सुरळीत येत होतं, करवंदीची पानं हलत होती. काकीने तळहात तोंडावर धरला होता, तव्याची आच बघावी तसा.

आणि वारं थांबलं.

पानं हलायची थांबली. काकीने माझ्याकडे बघितलं. मला कळलं आणि तिलाही. भेग बुजली होती. तिच्या मुलाने बुजवली होती, पोटाने. तो अडकला होता. मी मनात म्हटलं, दत्तू मागे आहे, पाय धरून ओढील, काही होत नाही. पण वेळ जाईना. खालून ना हाक, ना आवाज. मग काकी पोटावर आडवी झाली, तिने तोंड त्या भोकात घातलं आणि शेतात हाक मारावी तशी ओरडली, "बाला! श्वास सोड! पोट आत घे नि ये! मी हाय हितं!"

हाक घुमत गेली. मग काही नाही. मग एकदम तिचा पदर फडफडला, कपाळावरचे पांढरे केस मागे उडाले. वारं आलं होतं.

थोड्या वेळाने अय्यर निघाला आणि त्याच्यामागे प्रमोद. शर्ट फाटलेला, पोटावर ओरखडे, सगळा लाल. तो जाळीशेजारी बसून राहिला. काकी पदराने त्याचं तोंड पुसत होती, लहान पोराचं पुसावं तसं, आणि तो पुसू देत होता. मग त्याने मातीच्या बोटांनी फोन लावला. "मशीन नको पाठवू. नाय, पुढच्या हप्त्यात पन नको. कदीच नको." फोन ठेवला.

"काय बघितलास आतमधी?" काकीने विचारलं.

"बघितला काय नाय. हेल्मेट वाकडं झालं, उजेड गेला. श्वास पन लागंना. वाटला संपला आता. मंग वरून आवाज आला. आई, आईशप्पत, मना वाटलं देवी बोलते."

काकी त्याच्याकडे बघत राहिली. "काय बोलली?"

"बोलली, पोट आत घे."